इंग्लंडमधून रिटायर होऊन पुण्यात राहणाऱ्यांना विंटर फ्युएल पेमेंट मिळतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: बाबा ८१, आई ७६, दोघं सत्तरच्या दशकापासून लेस्टरला, बाबा एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर होते, आता गेली काही वर्षं ऑक्टोबर ते मार्च कोथरूडच्या फ्लॅटमध्ये असतात आणि उन्हाळा लेस्टरच्या घरी. यंदा घर विकून पुण्यालाच कायमचं जायचा विचार चाललाय. तर विंटर फ्युएल पेमेंट (थंडीत घर गरम ठेवायला सरकार पेन्शनरांना वर्षातून एकदा देतं ते पैसे) चालू राहील का, आणि युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांना ते मिळतं असं कोणीतरी सांगितलं, मग भारतात राहणाऱ्यांना का नाही.

मी इथे मिडलँड्समध्ये बरीच वर्षं ज्येष्ठ लोकांना बेनिफिट्सबद्दल सल्ला द्यायचं काम करते, आपली मराठी, गुजराती मंडळी भरपूर येतात, आणि हा प्रश्न दर सप्टेंबरला येतो. पण खरं सांगू का, तुम्ही विचारलेला प्रश्न दोनशे-तीनशे पाउंडांचा आहे आणि त्याच्या मागे उभा असलेला प्रश्न दरवर्षी हजारो पाउंडांचा होऊ शकतो. तो तुम्ही विचारलेला नाहीये, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ उत्तर. कायमचे पुण्याला गेले की नाही मिळणार. भारतात राहणाऱ्याला हे पेमेंट कधीच मिळत नव्हतं, आजही नाही. पण सध्यासारखं, म्हणजे घर लेस्टरला आणि थंडीत पुण्याला मुक्काम, असं असेल तर मिळू शकतं, आणि बहुतेक केसेसमध्ये मिळतंच. फरक सगळा "राहतात कुठे" या एका गोष्टीवर आहे. पासपोर्ट ब्रिटिश आहे का, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) आहे का, बाबांनी किती वर्षं नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) भरला, याचा इथे काही संबंध नाही. लोकांना हेच पटत नाही. "अहो चाळीस वर्षं टॅक्स भरलाय" असं म्हणतात, आणि ते खरंच आहे, त्यांचं दुखणं मला कळतं, पण हे पेमेंट भरलेल्या पैशांवर नाही, वय आणि वास्तव्य यावर मिळतं.

आता नियम नीट सांगते. दर सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारपासून सुरू होणारा आठवडा हा क्वालिफाइंग वीक धरतात. २०२५ मध्ये तो १५ ते २१ सप्टेंबर होता, २०२६ मध्ये २१ ते २७ सप्टेंबर येतो. त्या आठवड्यात तुम्ही स्टेट पेन्शनच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, वयाचे असायला हवे आणि इंग्लंड किंवा वेल्समध्ये ऑर्डिनरिली रेसिडंट असायला हवे. २०२५-२६ च्या हिवाळ्यासाठी जन्म २२ सप्टेंबर १९५९ च्या आधीचा हवा होता. स्कॉटलंडमध्ये याच्या ऐवजी पेन्शन एज विंटर हीटिंग पेमेंट आहे, ते सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड देतं, त्याचे आकडे किंचित वेगळे आहेत, नॉर्दर्न आयर्लंडचंही खातं वेगळं. तुमचं लेस्टर आहे म्हणून मी इंग्लंडचंच सांगते.

इथे आपल्या लोकांची हमखास गडबड होते, कारण २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे. म्हणजे तो आठवडा बरोब्बर गणपतीत सापडतो, आणि अर्धी मंडळी तेव्हा पुण्या-मुंबईत असणार. मग घाबरून फोन येतात की आम्ही त्या आठवड्यात इथे नव्हतो, आता पैसे गेले का. नाही गेले. त्या आठवड्यात शरीराने इंग्लंडमध्ये हजर असायला हवं असा नियम नाही. ऑर्डिनरिली रेसिडंट म्हणजे तुमचं नेहमीचं, ठरलेलं आयुष्य जिथे चालू आहे ती जागा. याची व्याख्या १९८२ च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका निकालात आली, बार्नेट कौन्सिलच्या केसमध्ये, आणि आजही तीच वापरतात: स्वतःच्या मर्जीने निवडलेली जागा, आणि तिथे राहण्यामागे काहीतरी स्थिर हेतू. गणपतीला दोन-तीन आठवडे, किंवा भाचीच्या लग्नाला महिनाभर घरी गेलात तर ते तात्पुरतं जाणं झालं, राहणं इंग्लंडचंच.

पण सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे असेल तर? इथे मी छातीठोक उत्तर देऊ शकत नाही, कारण कायद्यात अमुक इतके दिवस असा आकडाच नाहीये. टॅक्ससाठी १८३ दिवस वगैरे जे ऐकता ते वेगळं प्रकरण, ते इथे लावू नका. अशी केस आली की मी काही गोष्टी विचारते. इंग्लंडमधलं घर स्वतःचं आहे आणि मोकळं ठेवलंय, की भाड्याने दिलंय? जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कुठला, औषधं कुठून घेता? कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), वीज-गॅसचं बिल कोणाच्या नावावर? परतीचं तिकीट काढलेलं असतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दरवर्षी हेच चक्र आहे की प्रत्येक वर्षी पुण्यातला मुक्काम वाढत चाललाय? तुमच्या आईबाबांचं घर मोकळं आहे, सामान तिथेच आहे, डॉक्टर तिथलाच आहे, दर एप्रिलला परत येतात, तर माझ्या अनुभवाप्रमाणे ते लेस्टरचे रहिवासीच धरले जातील. पण घर विकलं, आणि मग उन्हाळ्यात तीन महिने तुमच्या भावाकडे वरच्या खोलीत राहिले, तर ते पाहुणे झाले. दोन्हीत इंग्लंडमध्ये घालवलेले दिवस थोडेफार सारखे असतील, पण उत्तर उलटं येतं.

आणि हे आधीच सांगून ठेवते, कारण कोणीतरी तुम्हाला सुचवणारच: "अरे भावाचा पत्ता ठेवा, कोण बघतंय." करू नका. परदेशी कायमचे गेलात तर कळवणं ही तुमची जबाबदारी आहे, न कळवता घेतलेले पैसे परत मागतात, वर दंड लागू शकतो, आणि त्याच पत्त्याच्या जोरावर एनएचएसमध्ये फुकट ट्रीटमेंट घेतली असेल तर तोही प्रश्न उभा राहतो, कारण हॉस्पिटलच्या उपचारांनाही हीच ऑर्डिनरी रेसिडन्सची कसोटी आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसाला त्या पत्रव्यवहारात अडकवणं बरोबर नाही.

आता युरोपवाल्यांचं. तुम्ही ऐकलंय ते जुनं आहे, पण खोटं नाही. हे पेमेंट १९९७ साली गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना सुरू झालं, तेव्हा बहुतेकांना २० पाउंड आणि गरिबांना ५० पाउंड इतकंच होतं. पुढे युरोपियन कायद्यामुळे युरोपियन इकॉनॉमिक एरिया आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या, पण ब्रिटनशी खरं आणि पुरेसं नातं असलेल्या पेन्शनरांनाही ते द्यावं लागायचं. भारत त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून पुण्याला नाही आणि पॅरिसला हो. मग लोक ओरडायला लागले की स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्यांना हीटिंगचे पैसे कशाला, म्हणून २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून तापमानाची कसोटी लावली. ज्या देशाचं हिवाळ्यातलं सरासरी तापमान इंग्लंडच्या साउथ वेस्ट भागापेक्षा, म्हणजे इथल्या सगळ्यात उबदार भागापेक्षा, जास्त तो बाद. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, सायप्रस, माल्टा, जिब्राल्टर आणि फ्रान्स बाद झाले, इटली मात्र राहिलं. फ्रान्सबद्दल तर खूप भांडण झालं, कारण सरासरी काढताना त्यांचे कॅरिबियनमधले आणि हिंदी महासागरातले उष्ण प्रदेशही धरले होते, आल्प्समध्ये कुडकुडणाऱ्याला ग्वादलूपच्या उन्हाने बाद केलं. आमच्याकडे स्विंडनची काही गोव्याची कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवाली आहेत, ती विचारतात की आमच्याकडे युरोपियन पासपोर्ट आहे तर गोव्याला परत गेल्यावर मिळेल का. नाही. पासपोर्ट कुठलाही असो, तेव्हाही राहण्याची जागाच बघत होते.

मग २०२४ च्या जुलैमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की पेमेंट फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी मदत) किंवा तसं एखादं बेनिफिट घेणाऱ्यांनाच मिळणार. पेन्शन क्रेडिट परदेशात मिळतच नाही, त्यामुळे युरोपवाले एका फटक्यात बाहेर गेले, आणि इथलेही लाखो बाहेर गेले. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने माघार घेतली, इंग्लंड-वेल्समधल्या पेन्शनरांना परत सुरू झालं, पण परदेशात राहणाऱ्यांना परत घेतलं नाही. म्हणजे आज पुणे आणि पॅरिस एकाच रांगेत आहेत, दोघांनाही नाही.

माघार घेताना एक अट घातली आणि ती तुमच्या बाबांना लागू शकते, म्हणून नीट वाचा. ज्याचं स्वतःचं वार्षिक करपात्र उत्पन्न ३५,००० पाउंडांच्या वर आहे त्याला पेमेंट आधी मिळतं आणि नंतर एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं टॅक्स खातं, ते टॅक्समधून परत घेतं, टॅक्स कोड बदलून किंवा सेल्फ असेसमेंटमधून (आपण स्वतः भरतो त्या टॅक्स रिटर्नमधून). हे घराचं एकत्र उत्पन्न नाही, प्रत्येकाचं वेगळं. तुमच्या घरात बाबा ८० च्या वर आणि आई खाली, तर घराचे एकूण ३०० पाउंड असे वाटले जातात: बाबांना २००, आईला १००. बाबांची एनएचएस पेन्शन अधिक स्टेट पेन्शन मिळून ३५,००० च्या वर गेली तर त्यांचे २०० जातील, आईचे १०० राहतील.

आणि इथे आपल्या लोकांचा नेहमीचा गोंधळ. जोपर्यंत तुम्ही टॅक्सच्या दृष्टीने यूकेचे रहिवासी आहात तोपर्यंत भारतातलं उत्पन्नही त्या बेरजेत येतं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते, एफडीचं व्याज तेही. "एनआरई खात्याचं व्याज टॅक्स फ्री असतं ना" (एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयांचं बँक खातं) असं दहातले आठ जण म्हणतात. भारतात टॅक्स फ्री, यूकेत नाही. भारतातलं उत्पन्न इथे आणलं नाही तर टॅक्स नाही अशी जी रेमिटन्स बेसिसची सोय काही लोक वापरायचे ती ६ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. विंटर फ्युएलचे २०० पाउंड राहू द्या बाजूला, हे उत्पन्न आजवर दाखवलं नसेल तर एखाद्या चांगल्या अकाउंटंटकडे आधी जा.

अर्ज बहुतेकांना करावा लागत नाही. स्टेट पेन्शन चालू असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पत्र येतं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पैसे खात्यात येतात. अर्ज कोणाला करावा लागतो, तर ज्यांना स्टेट पेन्शन किंवा दुसरं बेनिफिट नाही, किंवा ज्यांनी पेन्शन पुढे ढकललीये, त्यांना, आणि त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत असते. मुलांकडे येऊन राहिलेल्या, इथे कधी नोकरी न केलेल्या पण इंडेफिनिट लीव्ह (इथे कायम राहायची परवानगी) असलेल्या आज्या यात हमखास सुटतात. त्यांना वाटतं आपण काही भरलं नाही तर आपल्याला कशाला देतील, पण वर म्हटलं तसं, भरण्याचा संबंधच नाही. फक्त व्हिसावर पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत असं लिहिलेलं नाही ना, आणि मुलाने स्पॉन्सर म्हणून पोसण्याची लेखी हमी दिली असेल तर ती मुदत संपलीये ना, हे आधी तपासा. आणि "विंटर फ्युएलसाठी इथे क्लिक करा" असा टेक्स्ट मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे. आईबाबांना फोन करून आजच सांगा, पुण्यात बसून असे मेसेज आले की माणूस जास्त घाबरतो.

आता मी सुरुवातीला म्हटलं तो मोठा प्रश्न. कायमचे पुण्याला गेल्यावर विंटर फ्युएल बंद होईल, ठीक आहे, पुण्यात हीटर लागत नाही. पण स्टेट पेन्शन गोठेल. पेन्शन भारतात मिळते, त्यात काही अडचण नाही, भारतातल्या बँकेतही येते. पण दर एप्रिलला जी वाढ होते ती भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. ज्या दिवशी गेलात त्या दिवशीचा आकडा, तोच कायमचा. अमेरिकेत राहिलात तर वाढ मिळते, फिलिपिन्समध्ये, मॉरिशसमध्ये मिळते, युरोपात मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे नाही. कारण त्या देशांशी तसा करार नाही. यावर लोक कोर्टात गेले, २०१० साली स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टातही कार्सन केस हरले. भारत-ब्रिटन ट्रेड डीलबरोबर सोशल सिक्युरिटीचं जे ठरलं ते तात्पुरतं बदलीवर जाणाऱ्या नोकरदारांनी दोन्हीकडे वर्गणी भरू नये एवढ्यापुरतं आहे, पेन्शनरांची वाढ त्यात नाही. तेवढ्यासाठी आशा लावून बसू नका.

आकड्यात दाखवते म्हणजे वजन कळेल. २००६ साली पूर्ण बेसिक स्टेट पेन्शन आठवड्याला ८४.२५ पाउंड होती. त्या वर्षी जो पुण्याला कायमचा गेला त्याला आजही ८४.२५ च मिळतात. इथे राहिलेल्या त्याच्या मित्राला २०२६-२७ मध्ये १८४.९० मिळतात. आठवड्याला शंभर पाउंडांचा फरक, वर्षाला पाच हजारांच्या वर. विंटर फ्युएलचे दोनशे पाउंड तो दर दोन आठवड्यांना गमावतोय, आणि लोक चर्चा मात्र विंटर फ्युएलची करतात. तुमचे बाबा जुन्या सिस्टिममधले आहेत, बेसिक अधिक बहुतेक काही ॲडिशनल पेन्शन असेल, तर पूर्ण रक्कम त्यांच्या पत्रावर बघा आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब मांडा. एनएचएस पेन्शन मात्र वेगळी आहे, ती परदेशात गेल्याने गोठत नाही, त्यामुळे डॉक्टर मंडळींना हा फटका तुलनेने सोसतो. फॅक्टरीत काम केलेल्या, फक्त स्टेट पेन्शनवर असलेल्या माणसाला तो जिव्हारी लागतो.

दोन गोष्टी यात उपयोगी आहेत. एक, परत यूकेत राहायला आलात तर पेन्शन चालू दरावर येते. दोन, नुसतं भेटीला आलात तरी तेवढ्या दिवसांपुरता वाढीव दर मागता येतो, पण ते आपणहून कळवावं लागतं, कोणी विचारायला येत नाही. भावाकडे दर उन्हाळ्यात तीन महिने येणार असतील तर इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला तारखा कळवा. हा पूर्णपणे कायदेशीर हक्काचा पैसा आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आणखी एक, कारण तुमच्या बाबांना लागू नाही पण खूप जणांना आहे. पेन्शन क्रेडिट घेत असाल तर परदेशी जाणं चार आठवड्यांच्या आतलं असायला हवं. जवळच्या माणसाचा मृत्यू झाला तर आणखी चार आठवडे, उपचारांसाठी गेलात तर २६ आठवड्यांपर्यंत. पूर्वी ही मुदत १३ आठवडे होती, जुलै २०१६ पासून चार झाली, आणि अजून लोकांच्या डोक्यात तेराच आहे. शिवाय जातानाच दहा आठवड्यांचं तिकीट असेल तर पहिले चार आठवडेही धरत नाहीत, निघालात त्या दिवसापासून थांबतं. अटेंडन्स अलाउन्सला (आजारी किंवा अपंग ज्येष्ठांना काळजीसाठी मिळणारा भत्ता) १३ आठवडे चालतात. पेन्शन क्रेडिट गेलं की त्याच्यामागून हाउसिंग बेनिफिट, कोल्ड वेदर पेमेंट, कौन्सिल टॅक्सची सूट अशी रांग लागते, आणि परत आल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून अशा लोकांना मी सांगते की दिवाळीला जायचंय ना, जा, पण सव्वीस-सत्तावीस दिवसांचं तिकीट काढा.

तुमच्या घरासाठी मी काय करीन ते सांगते. घर विकायची घाई करणार नाही. आईबाबांची तब्येत अजून प्रवासाची असेल तर सध्याचंच चक्र एक-दोन वर्षं चालू ठेवणार, त्यात विंटर फ्युएल, एप्रिलची पेन्शनवाढ आणि एनएचएस, तिन्ही राहतात. त्या काळात पुण्यात म्हातारपणाची सोय खरंच कशी आहे ते बघणार, लिफ्ट, मदतनीस, जवळचं हॉस्पिटल, आणि त्या वयात भारतात मेडिक्लेम किती रुपयांना मिळतो किंवा मिळतो तरी का. मग जर आईबाबांचं मनच पुण्यात असेल, भावंडं तिथे, भाषा तिथली, तर जरूर जाऊ द्या, पेन्शनची वाढ बुडते म्हणून कोणी म्हातारपण परक्या थंडीत काढू नये असं मला मनापासून वाटतं. फक्त जाताना आकडे माहीत असावेत, आणि जायच्या आधी पेन्शन सर्व्हिस, एचएमआरसी, कौन्सिल आणि जीपी या चौघांना तारीख लेखी कळवावी. तिकडे गेल्यावर अधूनमधून लाइफ सर्टिफिकेटचा फॉर्म येतो, माणूस हयात आहे याचा, तो साक्षीदाराच्या सहीने वेळेत परत पाठवला नाही तर पेन्शन थांबते. पुण्यातल्या पोस्टाचा भरवसा नसेल तर पत्ता अगदी पिनकोडसकट, फ्लॅट नंबर आणि जवळची खूण घालून द्या.

बाबांचं एकूण उत्पन्न ३५,००० च्या वर आहे की खाली, आणि लेस्टरचं घर कोणाच्या नावावर आहे, हे दोन कळवलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल. रकमा उघड लिहू नका, नुसतं वर की खाली एवढं पुरे.